आर्केड यंत्राची कळ : दोषशोधाच्या अंगाने एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास सामान्यतः शोध, संशोधक आणि नवी उत्पादने यांच्या क्रमाने लिहिला जातो. वस्तू बिघडल्यावर काय होते व ती कोण दुरुस्त करते, या प्रश्नांना त्यात दुय्यम स्थान मिळते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले आहे. त्याच दृष्टीने प्रस्तुत लेखात नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ खेळयंत्राची, म्हणजेच आर्केड यंत्राची, कळ या एका लहान भागाचा विचार केला आहे. अशी यंत्रे आज अनेक हौशी मंडळी घरी बाळगतात. कळ दाबूनही पडद्यावरील पात्र हलले नाही, तर दोष कोठे शोधावा? कळीपासून पडद्यापर्यंतच्या मार्गातील दुवे वेगवेगळ्या काळात जोडले गेले असल्याने, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे देता येते.

धातूचे पाते आणि मायक्रोस्विच

१९७२ मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीचे 'पाँग' हे यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात चाचणीसाठी ठेवण्यात आले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. अभियंता अ‍ॅल अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले, तेव्हा नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्याने नाणे ओळखणारी यंत्रणा अडल्याचे आढळले. यंत्राचा मेंदू शाबूत, परंतु त्याला मिळणारी सूचना खंडित, हे या यंत्रांच्या अनेक बिघाडांचे स्वरूप या प्रसंगात आरंभीच दिसते.

त्या दशकातील कळांखाली बहुधा धातूची दोन लवचीक पाती असत. कळ दाबली की पात्यांवरील संपर्कबिंदू एकमेकांना टेकत. पाते वाकणे किंवा बिंदूवर मळ साचणे हे त्यांचे नेहमीचे दोष. सोन्याचा मुलामा असलेले बिंदू कानसीने घासल्यास मुलामाच निघून जातो, म्हणून ते जाड कागदाने हलकेच पुसावे लागत. अटारीच्या 'अ‍ॅस्टरॉइड्स' (१९७९) या पाच कळांच्या यंत्रात स्वपरीक्षणाची सोय होती. त्या अवस्थेत कळ दाबल्यावर आवाज झाला, तर सूचना मंडलापर्यंत पोहोचत आहे असे समजे. पुढे पात्यांची जागा बंद डबीतील मायक्रोस्विचने घेतली. हा स्विच मात्र १९३० च्या दशकातच अमेरिकेत औद्योगिक उपयोगासाठी विकसित झाला होता. त्याला तीन टोके असतात. तार चुकीच्या टोकाला जोडली, तर कळ न दाबताही दाबलेली भासते.

सामाईक तार आणि प्रमाणीकरण

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानमधील यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेने 'जामा' हे जोडणीचे प्रमाण रूढ केले. ५६ संपर्कांच्या एकाच जोडणीमुळे पेटी तीच ठेवून केवळ मंडल बदलणे शक्य झाले. या रचनेत प्रत्येक कळीची एक स्वतंत्र तार असते आणि परतीची 'ग्राउंड' तार मात्र सर्व कळांना साखळीने जोडलेली असते. यावरून निदानाचा महत्त्वाचा नियम निघतो. एकच कळ मृत असेल, तर दोष तिच्या स्विचमध्ये वा स्वतंत्र तारेत असण्याचा संभव अधिक. ओळीने अनेक कळा मृत असतील, तर सामाईक तार तुटलेली असावी.

जामाने प्रत्येक खेळाडूस तीनच कळा गृहीत धरल्या होत्या. १९८७ च्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये दाबाचा जोर ओळखणाऱ्या मोठ्या कळा वापरून पाहिल्या गेल्या. त्यांच्या जागी सहा साध्या कळांची रचना आली व १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'ने ती सर्वमान्य केली. उरलेल्या तीन कळांसाठी वेगळी जोडणी द्यावी लागली. त्यामुळे लाथांच्या तीनही कळा एकदम बंद पडल्यास प्रथम ही जोडणी तपासणे इष्ट ठरते.

यंत्र घरात येते

१९९७ मध्ये इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' हा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला आणि जुने खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. हौशी कारागिरांनी प्रारंभी संगणकाच्या कीबोर्डातील मंडल काढून त्यालाच कळा जोडल्या. कीबोर्डातील कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत गुंफलेल्या असल्याने, तीन-चार कळा एकदम दाबल्यास एखादी सूचना गळते किंवा न दाबलेली कळ उमटते. येथे स्विच कितीही वेळा बदलला तरी दोष जात नाही, कारण तो जोडणीच्या तत्त्वातच आहे. प्रत्येक कळीस स्वतंत्र प्रवेश देणाऱ्या एन्कोडर मंडलांनी ही अडचण दूर केली. मात्र त्यांच्याबरोबर नवा दोष आला. एकसारखी दोन मंडले असल्यास यंत्र सुरू होताना त्यांचा क्रम बदलून दोन खेळाडूंच्या कळांची अदलाबदल होऊ शकते. हा दोष तारेत नसून नोंदणीत असतो.

निष्कर्ष

१. दोषशोधाचा सर्वांत उपयुक्त प्रयोग सोपा आहे : वीजदाब कमी असलेल्या या मंडलात संशयित कळीची तार मंडलाच्या टोकाशीच क्षणभर ग्राउंडला टेकवावी. खेळाने प्रतिसाद दिला तर दोष कळीच्या बाजूस. न दिला तर मंडल वा नोंदणीच्या बाजूस.

२. स्विच, तार, मंडल आणि नोंदणी हा तपासणीचा क्रम स्थूलमानाने या दुव्यांच्या ऐतिहासिक आगमनाचाही क्रम आहे.

३. खेळघरात कळ बिघडणे म्हणजे मालकाचे उत्पन्न थांबणे होते. म्हणून दुरुस्तीचे ज्ञान व्यावसायिक तंत्रज्ञाकडे असे. यंत्र घरात आल्यावर ती जबाबदारी वापरणाऱ्यावर आली. जुन्या तंत्रज्ञांचे हे ज्ञान नोंदवले गेले नाही, तर संग्रहालयांत पेट्या राहतील, पण त्या खेळता येणार नाहीत. म्हणून दुरुस्तीपुस्तिका व तारांचे आराखडे यांना इतिहासाच्या साधनांचा दर्जा देणे आवश्यक आहे.