शरणपूरचे अदीक्षित सेवक

नाशिकच्या शरणपुरात गेल्या शतकापूर्वीच्या शतकात रेव्हरंड प्राइस यांनी मिशनची वस्ती वसविली. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले येथे सुतारकाम, लोहारकाम आणि बायबल शिकली.

१८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात निवर्तला. जवळ एकही पाळक नव्हता. त्याचे हृदय तेथेच पुरताना प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधी वाचला तो शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडावर लेखही त्यानेच कोरला. शरणपूरचेच विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर मोंबासाजवळ राबाई येथे उपदेशाचे काम करीत. त्यांना दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. तोवर कैक वर्षे ते अदीक्षितच राबले.

ही सेवा स्वेच्छेची होती काय? पोरक्या मुलांना मिशनखेरीज दुसरे घर कोणते होते? शंका रास्त आहे. परंतु लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर हुकूम सोडणारा कोणी उरला नव्हता. सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेण्याचे आपण होऊन ठरविले, आणि महिनोन्‌महिने चालून तडीस नेले. मंडळीचा इतिहास केवळ पाळकांच्या नावांनी लिहिणे म्हणूनच अपुरे ठरते.