दरवाज्यांची यादी

आपल्या मंडळातील बरेच सभासद संगणक क्षेत्रातले. त्यांना ‘एपीआय’ समजावण्याचे धाडस मी करणार नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की एका संकेतस्थळाकडून दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती मागता यावी म्हणून ठेवलेला हा मागचा दरवाजा. सन २००० मध्ये सेल्सफोर्स व ईबे यांनी असे दरवाजे उघडले. २००५ साली पॉल रेडमाकर यांनी क्रेग्जलिस्टवरील भाड्याची घरे गूगलच्या नकाशावर मांडून दाखवली, तेव्हा गूगलने नकाशाचा दरवाजा अधिकृतपणे उघडलाही नव्हता!

त्याच वर्षी जॉन मसर यांनी ‘प्रोग्रॅमेबलवेब’ ही दरवाज्यांची यादी सुरू केली. नोंदी वीस हजारांवर गेल्या. पण मालक बदलत गेले आणि २०२२ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. माणसाने वाचायची यादी होती ती.

दरम्यान वर्डनिक या शब्दकोशवाल्या कंपनीत टोनी टॅम यांनी ‘स्वॅगर’ रचले. दरवाज्याचे वर्णन यंत्रालाही वाचता येईल, असा हा लिहिण्याचा ठराविक नमुना. २०१५ च्या अखेरीस तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला व पुढे ‘ओपनएपीआय’ झाला. त्याच नमुन्यातली वर्णने गोळा करणारी यादी म्हणजे ‘एपीआयज् गुरू’ (गुरू शब्द आपलाच!). कंपन्या दरवाजे बदलतात, की नोंद शिळी होते. म्हणून चूक आढळली तर कोणीही दुरुस्ती पाठवावी, अशी सोय आहे. यादीवरचा हक्कही सोडून दिलेला, त्यामुळे ती सबंध उतरवून घरच्या संगणकावर ठेवता येते.