सांधा : बैलगाडीच्या धावेपासून वेल्डिंगपर्यंत

आमच्या मागच्या पडवीत अजून एक जुने वेल्डिंगचे मशीन पडून आहे. दोघांना उचलायला जड जाईल एवढे. वडिलांनी ते जुन्या बाजारातून आणले, तेव्हा गल्लीत बरीच चर्चा झाली होती. कारकुनी करणाऱ्या माणसाने घरी लोहारकाम मांडावे, हे कुणाला पटेना. कारण मात्र साधे होते. आमच्या जुन्या फियाटचा तळ बेळगावच्या पावसाने खाल्ला होता. पायाखालचे मॅटिंग उचलले की रस्ता दिसायचा. गॅरेजवाल्याने सांगितलेली रक्कम वडिलांच्या दोन पगारांएवढी होती. “एवढ्या पैशांत मी ही विद्याच शिकेन,” असे ते आईला म्हणाले.

वाहनदुरुस्तीसाठी लोखंड सांधायची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. लोहार लांब पट्टी वाकवून तिची दोन टोके भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवी, एकावर एक ठेवी आणि घणाखाली एकजीव करी. मळ निघून जावा म्हणून वाळू किंवा टाकणखार टाकी. मग ते कडे तापवून चाकावर चढवायचे आणि पाणी ओतायचे. धाव आकसून चाकाला घट्ट आवळून बसे. सांधा कच्चा राहिला तर भरल्या गाडीची धाव वाटेतच निसटायची. ऐरणीवरच्या त्या सांध्यावर शेतकऱ्याचा सगळा हंगाम अवलंबून असे.

विजेने लोखंड सांधायची युक्ती मात्र युरोपात निघाली. १८८५च्या सुमारास निकोलाय बेनार्दोस आणि स्टानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी कार्बनच्या कांडीने ठिणगी पाडून धातू वितळवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडी वितळून सांध्यात भरू लागली. पण हवेच्या संपर्काने तो सांधा ठिसूळ होई. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी कांडीवर लेप चढवला. लेप जळून वायू आणि मळी तयार होते आणि वितळलेल्या धातूवर पांघरूण पडते. आज दुकानात मिळणारा ‘रॉड’ त्याच घराण्यातला. केलबर्ग यांना ही गरज कशातून जाणवली? जहाजे आणि बॉयलर यांच्या दुरुस्तीतून. म्हणजे या विद्येच्या मुळाशी, नवे घेण्याऐवजी मोडलेले वाचवायचे, हाच विचार होता. १९१७ साली अमेरिकेत अडकलेल्या जर्मन जहाजांची इंजिने त्यांच्याच खलाशांनी फोडून ठेवली होती. तीही विजेच्या वेल्डिंगने सांधून पुन्हा समुद्रावर आणली गेली.

आपल्या भागापुरते बोलायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घ्यायलाच हवे. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा माणूस मुंबईत चित्रकला शिकायला गेला. रंगांधळेपणामुळे रंग सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला. बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान काढले. तिथून कडबा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी. ते ओतकाम आणि नटबोल्टचे युग होते, वेल्डिंगचे नव्हे. पण पांढरपेशा घरातल्या माणसाने हात काळे करण्यात कमीपणा नाही, हा धडा बेळगावने तेव्हाच पाहिला होता. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि वर्कशॉप पाहताना तो आठवतो. आमच्या गल्लीला मात्र त्याचा विसर पडला होता.

वडील रविवारी एका मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसू लागले. पहिला महिना भंगाराच्या तुकड्यांवर गेला. रॉड चिकटायचा किंवा पत्र्याला भोक पडायचे. पातळ पत्र्यावर सलग ओढायचे नाही, थोडे थोडे अंतर सोडून टाके घालायचे आणि गार होऊ द्यायचे, हे मिस्त्रींनी शिकवले. एकदा काळ्या काचेशिवाय क्षणभर काम केले आणि त्या रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग झाली. पुन्हा तसे कधी केले नाही. मशीन सुरू झाले की घरातले दिवे मंद व्हायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. पण गणपतीच्या आधी फियाटच्या तळाला ठिगळ बसले. पुढे शेजाऱ्यांच्या स्कूटरचे स्टँड, सायकलींचे कॅरियर आणि मंडळाच्या देखाव्याचा सांगाडाही आमच्याच अंगणात सांधला गेला. चर्चा करणारेच आता “जरा टाका घालता का?” म्हणून येऊ लागले.

दोन वर्षांनी त्याच ठिगळाच्या कडेने तडा गेलेला दिसला. वडील बराच वेळ गाडीखाली टॉर्च घेऊन पडून होते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, तळ आणि अंग मिळूनच भार पेलतात. ठिगळ दिसायला पक्के होते, पण भोवतालचा पत्रा गंजाने खाल्लेला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने झपाट्याने बांधलेल्या वेल्डिंगच्या जहाजांना असाच अनुभव आला. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेपाशी थांबायचा. सलग सांधलेल्या जहाजात तो पुढच्या पत्र्यात शिरायचा. १९४३च्या जानेवारीत ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज बंदरातच दुभंगले. लोखंडाची जात, थंडी आणि सांध्यातले दोष, सगळ्यांचा त्यात वाटा होता.

वडिलांनी गाडी मुकाट्याने मिस्त्रींकडे नेली आणि पूर्ण पैसे मोजले. त्यानंतर त्यांचा नियम ठरला. मडगार्ड, स्टँड, कॅरियर घरी. ज्यावर माणसाचा जीव तोलला आहे ते, म्हणजे तळ, स्टिअरिंग, सस्पेन्शन, मिस्त्रींकडे. आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी कधीच नाही, टाकी रिकामी दिसली तरी.

परवा नातवाने ते मशीन भंगारात घालायचे का, असे विचारले. आता हातात मावणारी इन्व्हर्टर मशीन मिळतात, हे खरे. मी त्याला म्हटले, आधी त्यावर एक टाका घालायला शीक, मग ठरवू.