ग्रिंच का चिडला?

गेल्या नाताळात नातीने मला एकापाठोपाठ दोन ग्रिंच दाखवले. एक १९६६ चा, दुसरा २०१८ चा. डोंगरावर एकटा राहणारा हा हिरवा प्राणी पायथ्याच्या व्हूव्हिल गावाचा अख्खा नाताळ एका रात्रीत चोरून नेतो, एवढीच गोष्ट. पाहून झाल्यावर तिने विचारले, ‘‘आजोबा, पण तो एवढा चिडतो का?’’ या प्रश्नाची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली आहेत.

डॉ. स्यूस यांचे मूळ पुस्तक १९५७ चे. त्यात निवेदक नुसते तर्क करतो: डोके ठिकाणावर नसेल, बूट चावत असतील, पण बहुधा हृदयच दोन मापे लहान असावे. बस्स. त्रेपन्न वर्षे हे सोसतो आहे, असे ग्रिंच कुरकुरतो. पुस्तक निघाले तेव्हा लेखकही ५३ वर्षांचेच होते. कोपरखळी स्वतःलाच असावी.

चक जोन्स यांनी १९६६ साली त्याचा दूरचित्रवाणीसाठी कार्टूनपट केला. (ग्रिंचला हिरवा रंग मिळाला तो इथे.) पुस्तक वाचायला बारा मिनिटे पुरतात आणि भरायचा होता अर्धा तास. जोन्सनी त्यातला बराच वेळ मॅक्स या कुत्र्याला दिला. डोक्यावर एकच शिंग बांधलेला, बर्फगाडीला जुंपलेला हा मुका जीव मालकाचे कारस्थान पाहतो, घाबरतो आणि तरी ओढत राहतो. ज्याने जन्मभर दुसऱ्याची चाकरी केली, त्याला ती नजर लगेच ओळखू येते.

कथानकाची खरी गंमत अशी, की चोर पकडला जात नाही. जेमतेम दोन वर्षांची सिंडी-लू मध्यरात्री उठून ‘झाड का नेतोस?’ म्हणून विचारते. दिवा दुरुस्त करून आणतो अशी थाप मारून, पाणी पाजून तो तिला झोपायला पाठवतो. चोरी पुरती साधते. सकाळी तो रडारड ऐकायला डोंगरमाथ्यावर कान देऊन उभा राहतो, तर खालून येते गाणे! त्याचा सारा राग गोंगाटावर, त्यातही गाण्यावर. तेच ऐकून त्याचे हृदय तीन मापांनी वाढते. शिक्षा नाही, उपदेशाचे भाषणही नाही.

२००० साली जिम कॅरीने ग्रिंच रंगवला. त्यात शाळेतली टवाळी हे कारण आले. २०१८ च्या कार्टूनपटात अनाथाश्रमातले एकाकी बालपण. दोन्ही पटतात, आणि पटली की ग्रिंच परका होतो. आपले बालपण तसे गेले नाही, म्हणून आपण सुटतो. १९६६ चा ग्रिंच असे सुटू देत नाही. दुसऱ्या गल्लीतल्या सणाचा कर्णा लागला, की धाडकन खिडक्या लावणारी माणसे आमच्या बेळगावात मी पाहिली आहेत. त्यांत मीही आलो.

नातीला म्हणालो, ‘‘बूट चावत असतील.’’ तिने माझ्या पायांकडे पाहिले.