तिसरी प्रत

‘अर्ज तीन प्रतींत सादर करावा’ असं वाचलं की आपल्या कपाळाला आठी पडते. अमेरिकेतल्या डॉक्टरांचंही तेच. मॉर्फिनसारखी औषधं लिहून द्यायला काही राज्यांत साधी चिठ्ठी चालत नसे. तीन प्रतींचा, क्रमांक घातलेला सरकारी कागद लागे. एक प्रत डॉक्टरकडे, एक औषधविक्रेत्याकडे, तिसरी राज्य सरकारकडे.

सुरुवात १९३९ साली कॅलिफोर्नियाने केली. न्यूयॉर्कने १९७२ मध्ये तसाच कायदा केला, तेव्हा काही रुग्ण आणि डॉक्टर कोर्टात गेले. आमची दुखणी सरकारी दप्तरात कशाला? महिन्याला लाखभर चिठ्ठ्या राज्याची राजधानी ऑल्बनीला जात, कडीकुलपात पाच वर्षं राहत आणि मग नष्ट केल्या जात. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. तरी तो आक्षेप मला आजही पोकळ वाटत नाही.

१९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आणली. त्या वेळी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सस, इलिनॉय आणि आयडाहो या पाच राज्यांत हा कागद होता. कंपनीने आधीच डॉक्टरांचा कानोसा घेतला होता. टेक्ससचे डॉक्टर तिहेरी कागदाच्या नावानेच बिचकत होते. मग तिथे प्रतिनिधींचे जोडे कशाला झिजवायचे? ते इतर राज्यांत झिजवले. गोळीची सवय सहसा लागत नाही, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. या खोट्या प्रचाराबद्दल कंपनीच्या एका शाखेने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, पण तोवर वेस्ट व्हर्जिनियासारखी राज्यं पोखरली गेली होती.

चार अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये याचा हिशेब मांडला. तिहेरी कागदाच्या राज्यांत ऑक्सिकॉन्टिनचा पुरवठा इतरांच्या जेमतेम निम्मा होता. १९९६ पूर्वी औषधांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू या राज्यांत उलट जास्त होते. नंतर ते इतरांपेक्षा बरेच सावकाश वाढले. तिसरी प्रत सरकारात कोणी वाचत होतं का, हा प्रश्न गौण आहे. ती जाते, एवढ्यानेच डॉक्टरचा हात थबकत होता.

२००५ उजाडेपर्यंत पाचही राज्यांत हा कागद मोडीत निघाला. पुढे लोक गोळ्यांवरून हेरॉइनवर आणि मग फेंटानिलवर गेले, तरी या पाच राज्यांतला आणि बाकीच्यांतला फरक टिकून राहिला.