शिक्रा

शिक्रा (अ‍ॅक्सिपिटर बॅडियस) हा भारतभर आढळणारा, साधारण कबुतराएवढा शिकारी पक्षी. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेषा; नराचे डोळे लालसर, मादी नराहून मोठी. शिकारी पक्ष्यांच्या यशाचे श्रेय सहसा नजरेला आणि वेगाला दिले जाते. शिक्र्याच्या बाबतीत ते शरीराच्या बांधणीला अधिक द्यावे लागते. आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपटी यांमुळे तो फांद्यांच्या दाटीतून झटकन वळतो. पानांआड बसून टेहळणी करायची आणि सरडा, खार, चिमणी किंवा टोळ दिसताच अवचित झडप घालायची, ही त्याची रीत. नजर नसेल तर हे सारे व्यर्थ, हा आक्षेप रास्त आहे. पण नजर बहिरी ससाण्याचीही तीक्ष्णच असते, तरी लांब, टोकदार पंखांचा तो पक्षी मुख्यतः मोकळ्या आकाशात शिकार साधतो. ससाणा चोचीने भक्ष्याची मान मोडतो. शिक्रा बोटांच्या आणि नख्यांच्या पकडीतच त्याचा जीव घेतो. वेगात तो ससाण्यापुढे टिकणार नाही हे खरे, परंतु बागेत किंवा बांधावरच्या झाडीत लांब पाठलागाला वावच नसतो. तिथे पहिल्या काही क्षणांतच निकाल लागतो.