उंबरठ्यापलीकडची हाक

नव्वदच्या दशकात हैदराबादेत आणि तेलुगू मुलखात वावरलेल्या मंडळींना घरांच्या भिंतींवरची ती ओळ आठवत असेल : ‘ओ स्त्री, रेपु रा.’ म्हणजे, बाई गं, उद्या ये. रात्री एक पिशाच्च स्त्रीरूपाने दाराशी येते, ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडले की घात होतो, अशी वदंता होती. भिंतीवरची ओळ वाचून ते परत फिरे. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. कर्नाटकात याच ओळीचे कानडी रूप होते, ‘नाळे बा’.

अडाणी समजूत म्हणून हे हसण्यावारी नेणाऱ्यांनी ‘सालेम्स लॉट’ हा अमेरिकन दूरचित्रपट पाहावा. स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या कादंबरीवरून टोब हूपर यांनी तो केला आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये सीबीएस वाहिनीवर दोन भागांत दाखवला गेला. त्यातला रक्तपिपासू बार्लो कादंबरीत चांगला बोलका आहे. पडद्यावर मात्र तो मुका, टकला, १९२२ च्या मूकपटातील नोस्फेरातूचा सख्खा भाऊ शोभावा असा. तरी प्रेक्षकांच्या मनात घर केले ते खिडकीच्या प्रसंगाने. नाहीसा झालेला धाकटा भाऊ रात्री धुक्यातून तरंगत येतो, नखांनी काच खरवडतो. भाऊच तो! थोरला खिडकी उघडतो आणि संपतो. घरात बसून पाहायच्या चित्रपटात रक्तपाताला मर्यादा होत्या. भीती साऱ्या त्या खरवडण्यात साठवावी लागली.

घरच्या कुणी बोलावल्याखेरीज पिशाच्चाला प्रथम आत येता येत नाही, हा नियम ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’तही आहे. आपल्याला तो परका वाटू नये. हिरण्यकशिपूचा वध ना घरात ना बाहेर, उंबरठ्यावरच झाला. आपण उंबरठ्याला हळदकुंकू वाहतो, दाराला लिंबू-मिरची बांधतो. फरक आहे तो उपायात. तिकडे क्रूस उगारतात, छातीत खुंटी ठोकतात. हैदराबादच्या घराने मात्र भुताला उधारी मागायला आलेल्या वाण्यासारखे वागवले : आज नाही, उद्या ये.

त्याच दशकात आणखी एक पाहुणा घरात आला, आणि तो बोलावलेला होता. १९९२ मध्ये झी वाहिनी सुरू झाली. १९९३ पासून रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ दिवाणखान्यात दिसू लागला. वदंता त्यातून उपजली असे म्हणण्याचा हेतू नाही. पण थिएटरात सोडून यायची भीती आता उंबरठ्याच्या आत वस्तीला आली, एवढे खरे.

१९५६ साली जुन्या हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्राकडे. माणसांची वाटणी झाली, भीतीची झाली नाही. ती भाषांतर करून घेत हिंडली. २०१८ च्या ‘स्त्री’ या चित्रपटात तीच ओळ हिंदीत भिंतीवर उमटली : ‘ओ स्त्री, कल आना.’ भुताशी बोलायचे ते ज्या त्या गावच्या भाषेत, हे शहाणपण दुभाषी घरांत वाढलेल्या आपल्याला सांगायला नको.

तरी एक गोष्ट मनाला टोचते. ती ओळ ‘स्त्री’लाच उद्देशून होती. समजा, एखाद्या रात्री सासरहून मार खाऊन निघालेली, आडोसा मागणारी खरीखुरी बाई दाराशी आली असेल, तर? तिनेही भिंतीवर तेच वाचले असेल. पिशाच्च परत फिरले की नाही, कोण सांगणार? ती मात्र नक्की परत फिरली असेल. उंबरठा जपताना एवढे भान ठेवावे : बाहेरच्या प्रत्येक हाकेला ‘उद्या ये’ हे उत्तर नसते.